धुराचं तेल

आमची बेकरी भोरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत होती. खाली भट्टी आणि गिऱ्हाइकांसाठी एक फळी, वर आमच्या राहत्या खोल्या, त्यांच्याही वर गच्ची. गच्चीच्या कोपऱ्यातून भट्टीचं धुराडं वर गेलेलं. दुपार कलली की अब्बा भट्टीत लाकडं रचायचे. पेटताना पहिला धूर पांढरा आणि जड निघायचा. वर जायच्या आधी तो गल्लीतच घोटाळायचा. त्या सुमारास अम्मी वाळत घातलेले कपडे घाईघाईनं आत आणायची. एखाद्या दिवशी ते राहून गेलं की माझ्या शाळेच्या ड्रेसला वास लागायचा. त्यावरून मला कुणी चिडवल्याचं आठवत नाही. गल्लीतल्या लोकांना तो वास धुराचा वाटतच नसे, पावाचा वाटे.

अब्बा मैदा स्वतः मळत आणि पाव स्वतः भाजत. लांब दांड्याच्या लाकडी उलथन्यानं लाद्या आत सरकवताना त्यांचं तोंड भट्टीच्या तोंडासमोर असायचं. खोकला त्यांना मी लहान असल्यापासून होता. आम्हाला तो घरातल्या घड्याळाच्या टिकटिकीसारखा होता, थांबला असता तरच लक्षात आला असता. मी पुण्यात एम. एस्सी. करत होते तेव्हा तो वाढला, जिना चढताना ते मधल्या पायरीवर बसायला लागले, आणि मी त्यांना पुण्याच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं,

"विडी किती वर्षं ओढता?"

"म्या विडी कधी ओढली न्हाई, साहेब."

"मग सिगरेट?"

"न्हाई. पानसुद्धा खात न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी वेगळं सांगेन या अपेक्षेनं. मी म्हणाले, "आमची बेकरी आहे. लाकडाची भट्टी." तेव्हा त्यांनी फोटो खाली ठेवला. भट्टीसमोर आता उभं राहायचं नाही, असं त्यांनी तीनतीनदा बजावलं. परतताना स्वारगेटच्या गाडीत अब्बा खिडकीकडे बसले होते. कामथडी गेल्यावर ते एकदाच बोलले. "त्येला वाटलं, म्या खोटं बोलतोय," म्हणाले.

त्यानंतर भट्टीवर पाव भाजायला एक मिस्त्री ठेवला आणि अब्बा फळीपाशी खुर्ची टाकून बसायला लागले. पाव देणं, सुटे पैसे देणं, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणं. हात रिकामे राहिलेला माणूस किती लवकर म्हातारा होतो, ते मी त्या वर्षात पाहिलं.

त्याच वर्षी मला पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएच. डी.ला जागा मिळाली. माझ्या मार्गदर्शक एक मॅडम होत्या, कमी बोलणाऱ्या आणि कुठल्याही उत्तरावर "पुन्हा कर" म्हणणाऱ्या. विषय होता उजेडावर चालणारे उत्प्रेरक. उत्प्रेरक म्हणजे जो स्वतः खर्ची न पडता दुसऱ्या दोघांची गाठ घालून देतो असा पदार्थ. आमचा उत्प्रेरक ही एक पिवळी पूड होती. शेतात टाकतात तो युरिया झाकणाच्या मुशीत घालून तापवायचा. अमोनियाचा वास नाकात जाऊन डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मूस थंड झाल्यावर आत हलकी, लिंबाच्या रंगाची पूड सापडायची. तिच्यावर तांब्याचे अतिशय बारीक कण बसवायचे. मग ती पाण्यात ढवळायची, पाण्यातून कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि वरून दिवा लावायचा. सगळं नीट जुळलं तर त्या वायूचं आणि पाण्याचं मिथेनॉल होतं. मिथेनॉल म्हणजे जळण.

सुट्टीत घरी आले की अब्बा विचारायचे, तू तिथं करतेस काय. मी त्यांना सांगितलं, "लाकूड जळलं की त्यातला कार्बन धुराबरोबर हवेत जातो. झाड तोच उन्हात परत ओढून घेतं आणि त्याचं लाकूड करतं. आम्ही झाडाच्या जागी एक पूड ठेवलीय. ती उन्हात त्याच वायूचं जळण करते."

"कसलं जळण?"

"स्पिरिटसारखं. दिसतं पाण्यासारखं, पण पेटतं."

 अब्बा म्हणाले, "म्हंजे धुराचं त्याल."

तेल नव्हे, पण मी दुरुस्त केलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या विषयाचं नाव तेच पडलं. फोनवर अम्मी विचारायची, जेवलीस का. अब्बा विचारायचे, त्याल निघालं का. मी म्हणायचे, नाही अजून. पहिली दोन वर्षं हेच उत्तर होतं. पूड कधी गुठळ्या व्हायची, कधी तांब्याचे कण एकमेकांना चिकटून मोठे व्हायचे, कधी सगळं ठीक असून, पाण्यात काय काय आहे ते दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर मिथेनॉलच्या जागी सपाट रेघ यायची.

मग आम्ही एक बदल केला. तांब्याचे कण सुटे राहावेत म्हणून त्यांच्यावर एका सेंद्रिय रसायनाचा पातळ लेप दिला, आणि नंतर तो धुऊन काढला. त्या पुडीनं पहिल्याच खेपेला रेघ उचलली. सपाट रेषेवर एक टोकदार डोंगर उभा राहिला, बरोबर मिथेनॉलच्या जागी. मी मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "पुन्हा कर." मी पुन्हा केलं. दिवा बंद ठेवून केलं, डोंगर आला नाही. कार्बन डायऑक्साइडऐवजी नायट्रोजन सोडून केलं, तर अगदी बारीकसा उंचवटा आला, दुर्लक्ष करता येईल असा. पुन्हा कार्बन डायऑक्साइड सोडला की डोंगर परत. महिनाभरानं मॅडमनी "पुन्हा कर" म्हणणं थांबवलं. त्या हसल्या की नाही ते सांगता येणार नाही, पण त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा मागवला.

शोधनिबंधासाठी खऱ्या उन्हात आणि खऱ्या धुरावर एक प्रयोग करून बघू, असं ठरलं. मोठ्या कारखान्याची परवानगी मिळायला वेळ लागला असता. मी म्हटलं, आमच्या भट्टीचं धुराडं आहे. मॅडम म्हणाल्या, घरच्यांची हरकत नसेल तर कर.

हरकत कसली? अब्बांनी ते अंगावरच घेतलं. मी पोचायच्या आधीच त्यांनी एका वेल्डरकडून गच्चीवरच्या धुराड्याला छोटी नळी जोडून घेतली होती, तिला चावी बसवली होती, आणि आजूबाजूची काजळी फडक्यानं पुसून घेतली होती. दोन वर्षांत त्यांनी स्वतः पुढं होऊन करून घेतलेलं ते पहिलं काम. मिस्त्रीला सांगून त्या दिवशी भट्टी सकाळीच पेटवली, कारण मला डोक्यावरचं ऊन हवं होतं. थंडी सरत आलेली, आकाश स्वच्छ. मी नळीतून धूर घेतला, ओल्या कापसातून आणि पाण्याच्या बाटलीतून नेऊन थंड केला, पिशवीत भरला आणि तिथून काचेच्या भांड्यात सोडला. भांड्यात पिवळं पाणी फिरत होतं. जिन्याच्या छपराच्या सावलीत अब्बा खुर्चीवर बसले होते. दर थोड्या वेळानं विचारायचे, "आता झालं का?"

"असं दिसत नाही, अब्बा. पुण्याला नेऊन यंत्रात घालावं लागतं."

"थेंबसुद्धा दिसायचा न्हाई?"

"नाही. दिवसभराच्या उन्हात काडीचं टोक भिजेल एवढंही होत नाही."

"पर व्हतंय ना?"

"होतंय."

लाकडं घेऊन येणारे काका तेवढ्यात वर आले. ते गुंजवण्याकडचे. त्यांचं भातखाचर धरणात गेलं तेव्हापासून त्यांनी टेम्पो घेतला होता, आणि वेल्ह्याच्या बाजूची लाकडं ते आमच्यासारख्या भट्ट्यांना पुरवायचे. अब्बांच्या बरोबरीचे. फळीपाशी बसून दोघांनी इतकी वर्षं चहा घेतला होता की त्यांच्या बोलण्यात निम्मी वाक्यं अर्धीच असायची.

"भाई, ह्ये काय मांडलंया?"

अब्बांनी सगळं सांगितलं. पूड, ऊन, झाड, जळण, एकही गोष्ट चुकली नाही. काका भांड्याभोवती फिरून आले.

"मंग आता आमचं लाकूड बंदच की तुमास्नी."

"असं कसं? आदी तुजं लाकूड जळंल, मंग त्येचा धूर जळंल. एका लाकडात दोन भट्ट्या!"

काका मोठ्यानं हसले, मीही हसले, आणि अब्बाही हसायला लागले. हसता हसता त्यांना ढास लागली. ती थांबेना. काकांनी त्यांना धरून खाली नेलं. मी वरच थांबले, कारण भांडं सोडून जाता येत नव्हतं. खालून खोकल्याचा आवाज येत राहिला, आणि माझ्यासमोर पिवळं पाणी फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या डब्यात बाटल्या घालून मी पुण्याला आले. यंत्रात डोंगर आला, दिव्याखालच्यापेक्षाही थोडा उंच. मी जिन्यात जाऊन घरी फोन केला. "निघालं, अब्बा," एवढंच म्हणाले.  पलीकडे त्यांनी फोन कानाला तसाच ठेवून अम्मीला हाक मारली, "अगं, निघालं!" त्या आठवड्यात फळीवर येणाऱ्या प्रत्येकाला पावाबरोबर एक नानकटाई मिळाली, आणि प्रत्येकाला कारणही ऐकावं लागलं. काकांनी ती बातमी त्यांच्या गावाला पोचवली. मला एसटी स्टँडवर अनोळखी माणसं विचारू लागली, "बेकरीवाल्यांची पोरगी ना तू? धुराचं त्याल काढलेली?"

निबंध एका संशोधन-नियतकालिकाकडे पाठवला. परीक्षकांचं उत्तर चांगलं होतं, फक्त त्यांना एक चाचणी हवी होती. कार्बनचा एक जड प्रकार असतो. वागायला हुबेहूब नेहमीच्या कार्बनसारखा, वजनाला किंचित जास्त. अशा जड कार्बनपासून बनवलेला कार्बन डायऑक्साइड विकत मिळतो. तो वापरून प्रयोग केला आणि तयार झालेलं मिथेनॉल जड निघालं, तर ते खरोखर त्याच वायूपासून झालं असं सिद्ध होतं. साध्या मिथेनॉलचं वजन बत्तीस, जड कार्बनच्या मिथेनॉलचं तेहेतीस. आम्हाला तेहेतीस हवं होतं. मॅडम म्हणाल्या, ही चाचणी करायचीच होती, सिलिंडर परदेशातून यायला उशीर लागतो म्हणून थांबलो होतो. सिलिंडर आला तो हातात मावेल एवढा होता.

ती सकाळ मला नको तितकी लख्ख आठवते. प्रयोगशाळेत मॅडम आणि मी दोघीच होतो. डोंगर आला, नेहमीसारखाच, नेहमीच्या जागी. मग यंत्रानं त्या डोंगराचं वजन दाखवलं. बत्तीस.

तेहेतीसच्या जागी नुसती बारीक रेघ होती, कुठल्याही मिथेनॉलमध्ये निसर्गतः असते तेवढी.

मॅडम म्हणाल्या, "पुन्हा कर." पण या वेळी त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मी पुन्हा केलं. सिलिंडर संपेपर्यंत करत राहिले. प्रत्येक वेळी बत्तीस.

कारण सापडायला आणखी काही आठवडे गेले, आणि ते सापडलं तेव्हा फार साधं होतं. तांब्याच्या कणांवरचा तो सेंद्रिय लेप आम्ही धुतला होता, पण तो पुरता निघाला नव्हता. उजेडात तोच तुटत होता, आणि त्याच्यातून मिथेनॉल निघत होतं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की पाणी किंचित आंबट होतं, आणि त्या आंबट पाण्यात लेप जास्त भराभर तुटायचा. म्हणून वायू सोडला की डोंगर उंच, नायट्रोजन सोडला की बुटका. म्हणून आम्ही फसलो. भट्टीच्या धुरात तर काजळीबरोबर आलेले सेंद्रिय पदार्थ होतेच, त्यांनी भर घातली. धुरातला वायू आमच्या भांड्यातून नुसता जाऊन आला होता. आम्ही आमचीच घाण जाळत होतो आणि तिला जळण म्हणत होतो.

मॅडमनी निबंध मागे घेतला. मला म्हणाल्या, "आता हेच लिही. काय दिसलं, का दिसलं, कसं कळलं." त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर माझ्यावर ओरडलं असतं, किंवा ती चाचणी विसरून गेलं असतं. त्या दोन्ही करणाऱ्या नव्हत्या. पण त्या दिवसानंतर त्या माझ्या टेबलाकडे कमी यायला लागल्या. मीही त्यांच्या खोलीत कारणाशिवाय जायचं सोडलं. दोघींनाही एकमेकींकडे बघून तेच आठवायचं.

घरी सांगायला मी गेले तेव्हा पावसाळा उतरत आला होता. अब्बा आता खाली उतरत नव्हते. खिडकीजवळच्या पलंगावर, नाकात नळी, आणि पलंगाखाली हवेतून ऑक्सिजन गाळणारं यंत्र घरघरत असायचं. लाईट गेली की ते बंद पडायचं, म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडरही उभा करून ठेवला होता. अम्मी खाली फळीवर बसली होती. मी स्टूल ओढून बसले आणि सरळ सांगितलं, कारण फिरवून सांगितलं असतं तर सांगूनच झालं नसतं.

"अब्बा, ते तेल धुराचं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पुडीवर आम्हीच एक रसायन लावलं होतं. ते पुरतं धुतलं गेलं नाही. त्याचंच ते निघत होतं."

"आन् आपला धूर?"

"आला तसा गेला."

 मग ते म्हणाले, "मशीन बिघडलं असंल."

"मशीन बरोबर आहे. पुन्हा पुन्हा बघितलं."

"मॅडम रागावल्या तुला?"

"नाही."

"मंग ठीक."

मला वाटलं ते अजून काही विचारतील. मी उत्तरं जुळवून आले होते, की असं या विषयात बऱ्याच जणांचं होतं, की चूक सापडणं हेही काम आहे. त्यांनी विचारलं नाही. खाली मिस्त्रीनं भट्टी पेटवली होती, आणि पांढरा धूर गल्लीतून वर येऊ लागला होता. "खिडकी लाव बेटा," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी खिडकी लावली. ती नीट बसत नव्हती, पावसानं लाकूड फुगलं होतं.

मिस्त्रीला भट्टी बंद ठेव म्हणून मी आधीही सांगून पाहिलं होतं. पण भट्टी बंद करायला अब्बाच तयार नव्हते. बंद भट्टी गल्लीला दिसेल, म्हणायचे.

डिसेंबरमध्ये ते गेले. शेवटी दवाखान्यात नेलं होतं, तिथून परत आणता आलं नाही. दफन झाल्यावर घरात फार माणसं येत राहिली. इतक्या माणसांशी ते बोलत होते याची मला कल्पनाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी, कबरीवर दुवा मागायच्या जियारतीला, लाकडंवाले काका आले. टोपी हातात घेऊन दारातच बसले. पाणी दिलं तर नुसतं हातात धरून ठेवलं. मग आलेल्या माणसांकडे बघून म्हणाले,

"लई मोठ्या मनाचा मानूस. दिवाळीच्या आदी म्या भेटाय आलतो, तवा बोलवत न्हवतं, पर मला हात धरून बसावलं आन् म्हनले, आपल्या धुराचं त्याल व्हतंय, पोरीनं काढलं, आता सरकार न्हेनार हाय त्ये. म्या आमच्या गावात समद्यास्नी सांगितलंय."

दिवाळीच्या आधी. म्हणजे मी त्यांना सगळं सांगितल्यानंतर. आणि सरकारचं तर मी कधीच काही बोलले नव्हते. ती भर त्यांनी स्वतः घातली होती.

खोलीत बसलेल्या माणसांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मला ते सहन होईना. मी म्हणाले, "काका, ते नाही झालं. तो निकाल चुकीचा निघाला. मी अब्बांना सांगितलं होतं."

काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यांचा चेहरा आधी गोंधळला आणि मग कठीण झाला.

"ताई, शिकल्यासवरल्याली हायेस तू. पर बापाची माती वली हाय अजून. आज तरी त्येला खोटं पाडू नगं."

"मी त्यांना खोटं पाडत नाही, काका."

"मंग काय करतीस?"

 काका उठले, अम्मीला दुरूनच हात जोडले आणि जिना उतरून गेले. थोड्या वेळानं टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. बाकीचे लोक इकडचं तिकडचं बोलू लागले.

माणसं पांगल्यावर मी अम्मीला विचारलं, "अब्बा हे सगळ्यांना सांगायचे?"

"जो येईल त्याला."

"ते खरं नव्हतं हे तुला माहीत होतं?"

"तू आली होतीस त्याच रात्री त्यांनी सांगितलं मला. लई रडले."

"मग तू थांबवलं नाहीस?"

अम्मी भांडी गोळा करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एरवी दिवसभर पडून असायचे. तेवढं सांगायला ते उठून बसायचे. मी कशाला थांबवू?"

ते रडले होते, हे मला त्या दिवशी कळलं. मी तेव्हा शेजारच्याच खोलीत झोपले होते.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण ते घडलंही तसंच, भराभर आणि कुणाचं फारसं लक्ष नसताना. मी प्रबंध लिहिला. त्याचा मुख्य निष्कर्ष, आमच्या उत्प्रेरकानं कार्बन डायऑक्साइडचं काहीही केलं नाही, हा होता. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक म्हणाले, असे प्रबंध जास्त लिहिले गेले पाहिजेत, आणि घड्याळाकडे बघून पुढच्या उमेदवाराला बोलावलं. पदवी मिळाली. पुढच्या संशोधनाच्या जागा मला मिळाल्या नाहीत. मुलाखतीत विचारायचे, तुमच्या पुडीनं किती तयार केलं? मी म्हणायचे, काही नाही.

महामार्गावरच्या कारखान्यातला पिशवीबंद पाव टेम्पोनं भोरला येऊ लागला होता. मिस्त्री दुसरीकडे लागला. अम्मीनं खालची जागा मोबाईलच्या दुकानाला भाड्यानं दिली आणि भट्टी फोडून घ्यायची ठरली. फोडणारे आले तेव्हा मी घरी होते. आतल्या विटांवर काजळीचा चकाकता थर होता, डांबरासारखा, आणि घुमट खाली आला तेव्हा सगळ्या गल्लीत काळी धूळ उडाली. समोरच्या बाईनं ओरडून सांगितलं, कपडे वाळत आहेत आमचे. धुराड्याचा वरचा भाग मात्र गच्चीवर तसाच राहिला. काढायला वेगळी मजुरी पडली असती. नळी आणि चावी अजून तिथं आहेत, चावी गंजून बसली आहे.

मी आता वेल्ह्यात एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. भोरहून नसरापूर, तिथून वेल्ह्याची एसटी. तोरण्यावर ढग असले की वर्गात दिवसाही दिवे लावावे लागतात आणि वीज बहुतेक वेळा नसते. मुलं चांगली आहेत. प्रात्यक्षिकाच्या खोलीत बर्नर आहेत, गॅस नाही.

काका मला एकदाच भेटले, तहसील कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर. टेम्पो विकला म्हणाले, आता लाकूड घेतंय कोण. त्यांनी माझ्या चहाचेही पैसे दिले. धुराचं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. जाताना म्हणाले, "गावाकडं ये कधी." मी हो म्हणाले. गेले नाही अजून.

गेल्या महिन्यात, कॉलेज सुटल्यावर मी स्टँडवर उभी होते, तेव्हा मॅडमचा मेसेज आला. कित्येक महिन्यांनी. त्यांच्या नव्या विद्यार्थिनीनं पूड कुठलाही सेंद्रिय लेप न लावता केली होती. जड कार्बनची चाचणी तिनं सगळ्यात आधी केली, तुझ्या प्रबंधातल्या पद्धतीनंच, असं मॅडमनी लिहिलं होतं. मिथेनॉलचं वजन तेहेतीस आलं. प्रमाण अतिशय थोडं, आमच्या त्या खोट्या डोंगरासमोर मुंगीएवढं. पण खरं. खाली एकच ओळ होती: "पुन्हा पुन्हा केलं."

मी तो मेसेज बऱ्याचदा वाचला. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल, पण तो माझ्यापर्यंत पोचेपर्यंत दुसरंच काहीतरी झालं. मी त्या मुलीचा विचार करत होते, जिला मी पाहिलेलं नाही, आणि तिनं जिन्यात जाऊन कुणाला फोन केला असेल त्याचा.

मग मी अम्मीला फोन केला. म्हटलं, "अम्मी, मॅडमकडच्या एका मुलीला जमलं ते. खरंच जमलं या वेळेला."

 पलीकडून खालच्या मोबाईलच्या दुकानातलं गाणं ऐकू येत होतं.

"बरं झालं," ती म्हणाली. मग विचारलं, "गाडी मिळाली का तुला?"

मिळाली नव्हती. आलेली गाडी भरून गेली होती, पुढची अंधार पडताना होती, आणि स्टँडवर आता मी आणि दोन बाया एवढ्याच उरलो होतो.